बर्फावरच्या जावयाची चौकशी

आमच्याकडे लग्न ठरण्याआधी मुलाची चौकशी होते. पत्रिका, पगार, फ्लॅट हे सगळं नंतर. आधी घरातला एक माणूस मुलाच्या बिल्डिंगखाली जाऊन उभा राहतो. वॉचमनशी बोलतो, इस्त्रीवाल्याशी बोलतो, किराणा दुकानातून नको असलेली साबणाची वडी विकत घेतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, "वरची मंडळी कशी आहेत हो?" आमच्या घरात हे काम माझं. मी मुळात कमी बोलतो, आणि कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नसणार असा लोकांचा समज असतो. हा समज मी आयुष्यभर वापरला.

नोकरीसाठी स्वीडनला गेलेल्या माझ्या भाचीने, ताईच्या मुलीने, तिथलाच मुलगा पसंत केला तेव्हा ताई खांदा कॉलनीतून रिक्षा करून थेट माझ्या दुकानात आली. पनवेलला माझं टाइल्स आणि बेसिनचं दुकान आहे. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती मांडून ठेवलेल्या कमोडच्या झाकणावर बसली आणि म्हणाली, "चौकशी करायचीय."

"स्वीडनला जाऊ?"

"कशाला? मोबाइल आहे ना." मग जरा थांबून म्हणाली, "गोरा असू दे, आपल्यातला नसू दे, त्याचं मला काही नाही. हात उचलणारा नको. तेवढं बघ."

ती हे का म्हणाली ते आम्हा दोघांनाच माहीत. आमचे आबा हात उचलायचे. आईवर. ताई मध्ये पडायची, आणि मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसायचो. यावर आम्ही कधी बोललो नाही. मी तर कशावरच बोलत नाही.

भाचीने कळवलेली माहिती अशी होती. मुलगा आइस हॉकी खेळायचा, आणि त्याच्याच पगारावर जगायचा. स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात सुरुवात, मग काही वर्षं अमेरिकेतल्या खालच्या दर्जाच्या संघांमध्ये, मग परत गावच्या संघात. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला. आता गावच्या स्टेडियममध्ये लहान मुलांना शिकवतो आणि खेळून खेळून खरवडलेला बर्फ पुन्हा गुळगुळीत करायची गाडी चालवतो.

उरणकडच्या आमच्या आत्याने एवढ्यातला बर्फ तेवढा उचलला. "बरफाचा धंदा हाय? बरा हाय. दर्यात मासली हाय तवर बरफ लागनारच." तिच्या डोळ्यांसमोर बंदरावरचा बर्फाचा कारखाना होता, जिथून होड्यांवर लाद्या चढतात. मी दुरुस्ती केली नाही. आठवडाभरात सगळ्या भावकीत जावयाची फॅक्टरी उभी राहिली.

दुपारी बाजार झोपतो तेव्हा मी दुकानात व्हिडिओ लावले. पहिल्यात जावई हातमोजे टाकून समोरच्याला बुकलत होता. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात मार खाणारा बदलला होता. मी त्याचे गोल शोधायला लागलो. एक सापडला. चेंडूऐवजी वापरतात ती, दुसऱ्या कुणीतरी मारलेली चकती याच्या ढुंगणावर आपटून जाळ्यात गेली होती, आणि हा तिकडे पाठ करून भांडत होता.

प्रत्येक मारामारीनंतर पंच त्याला बाजूच्या काचेच्या खोपट्यात पाठवायचा. तिथे बाकावर हा आडदांड माणूस खाली मान घालून बसायचा. शिक्षेची मिनिटं संपली की दार उघडायचं, हा बाहेर यायचा, आणि थोड्या वेळाने परत आत. त्याची निम्मी कारकीर्द त्या खोपट्यात गेली असावी.

मग एक व्हिडिओ मी पहिल्यापासून पाहिला. त्याच्या संघातला एक चणीने लहान खेळाडू होता. त्याला कुणीतरी मागून ढकलून मैदानाभोवतीच्या फळीवर आपटलं. तो पडला. बाकीचे आपापल्या जागी उभे. आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून आमचा जावई निघाला. मी आधीचे व्हिडिओ मागे नेऊन पाहिले. प्रत्येक ठिकाणी आधी कुणीतरी पडलेलं होतं. एक बाई बेसिनचा भाव विचारत होत्या, त्यांना मी नंतर यायला सांगितलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "हात उचलतो का?"

खरं सांगायचं तर खुलासा करावा लागला असता. कोण पडलं, कोण गेलं, कोण गेलं नाही. खुलासा करता करता मी कणगीमागे पोचलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "शांत आहे. बहुतेक वेळ एका बाजूला बसलेला असतो."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. ताई फोनवर रडली आणि तिने लग्नाला होकार दिला. दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशी हॉल बुक झाला.

लग्नाच्या आठवड्यात जावई आला. दारातून वाकून आत यायचा. आत्याने त्याच्या दातांकडे बोट दाखवून कौतुक केलं, तर त्याला वाटलं बघायला मागते आहे. त्याने पुढचे दात काढून तळहातावर ठेवून नम्रपणे पुढे केले. आत्या दोन पावलं मागे सरली. "कशानी गेलं रं?"

"कारखान्यात," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलं नाही.

हळद आत्याच्या गावात, मैदानावर. आमच्या हळदीला डीजे असतो आणि हल्ली भिंतीएवढा पडदाही असतो. भावकीतल्या पोरांनी जावयाचा मान म्हणून त्याचे व्हिडिओ शोधून एकत्र जोडले होते. ढोल वाजला आणि पडद्यावर, माणसाहून मोठा, जावई एकाला कॉलरला धरून हाणायला लागला. शिट्ट्या झाल्या. बुक्के आणि ढोल एका तालात बसत होते. पाटावर पिवळाधमक बसलेला खरा जावई लाजला.

आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "कामगारांना मारतंय का रं ह्यो?"

ताई उठली. तिने हात वर केला आणि ढोल थांबला. पडद्यावर मात्र बिनआवाजाचे बुक्के चालूच होते. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटासमोर जाऊन उभी राहिली. "विचार त्याला, का मारतोय."

शेजारी बसलेल्या भाचीने विचारलं. त्याने मान खाली घालून काहीतरी सांगितलं.

"त्यांच्या लहान्याला पाडलं होतं म्हणतोय. कुणीच जाईना, म्हणून हा गेला. तेच काम होतं याचं, आई. याला पगार त्याचाच मिळायचा."

"आणि घरात?"

"घरात मी ओरडते. हा बाल्कनीत जाऊन बसतो. सवय आहे त्याला."

ताईने वाटीत हात बुडवून त्याच्या मोडून वाकड्या बसलेल्या नाकाला हळद लावली, दुखेल की काय अशी. ढोल सुरू झाला. ती माझ्यापाशी आली, जनरेटरजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तू तिथे बस."

मी बसलो. काही वेळाने जावई हळदीने निथळत आला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. "किती मिनिटं?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"माहीत नाही."

"पंच कोण?"

मी ताईकडे बोट केलं. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि खुर्चीत सरसावून बसला. "मग लांबेल," तो म्हणाला.

ताई मटणाचं एक ताट घेऊन आली आणि ते जावयाच्या हातात दिलं. मला म्हणाली, "आबांच्या वेळी तू लहान होतास. ते मी कधी मनात धरलं नाही. फोनवर लहान नव्हतास."

"मला तो आवडला होता, ताई. तो जातो. मी कधी गेलो नाही."

"मग हेच सांगायचं होतंस," ती म्हणाली. "ऐकलं असतं मी."

ती पंगतीकडे गेली. जावयाने ताट आमच्या दोघांच्या मध्ये धरलं आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. उठ असं काही ती मला म्हणाली नव्हती, त्यामुळे पंगती उठून मांडव रिकामा होईपर्यंत मी तिथेच बसून होतो. जावई सोबत होता.