नमुना अपुरा

मावशीला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा तो बराच पसरला होता. दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टर मला आणि तिच्या मुलीला म्हणाले, "तुम्ही दोघीही तपासून घ्या. आधी सापडला तर हा आजार थांबवता येतो." ते हे सहज बोलून गेले, आणि आम्ही दोघी मावशीच्या वॉर्डाच्या दाराकडे बघत राहिलो.

मावशीची मुलगी माझ्यापेक्षा मोठी, मी तिला ताईच म्हणते. लासलगावला असते. शेत आहे, दारात कांदा साठवायची चाळ आहे, तीन पोरं आहेत. ती म्हणाली, "तू नाशकात राहतीस, तूच बघ कुठं करायचं ते. तू म्हणशील तिथं मी येते."

मला वाटलं, दोन फोन केले की झालं. पहिल्या लॅबमधल्या मुलीने विचारलं, "पॅप करायची की एलबीसी?" मी फरक विचारला. "ते डॉक्टरांना विचारा, मॅडम." दुसरीकडे एचपीव्ही होती, बरीच महाग. ती जास्त चांगली का, असं विचारलं तर उत्तर आलं, "महाग आहे म्हणजे चांगलीच असणार ना!" तिसऱ्या ठिकाणी ही तपासणी थायरॉइड आणि शुगरच्या पॅकेजमध्येच मिळत होती. सरकारी दवाखान्यात फुकट होती. तिथे औषध लावून नुसतं डोळ्यांनी बघतात म्हणे, पण कोणत्या दिवशी, ते फोनवर कुणीच सांगेना. मी नेटवर वाचत बसले. पॅपमध्ये पेशी बघतात, एलबीसीही त्यातलीच, एचपीव्हीत विषाणू शोधतात, एवढं कळलं. ताईला कुठली करावी, ते मात्र कळलं नाही.

शेवटी आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "एचपीव्ही जास्त भरवशाची. पण जमेल ती करा. करा मात्र."

ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "स्वस्तातली कर. आणि दोघींची एकच कर."

ती सकाळच्या एसटीने आली. स्वस्तातली पॅप त्या बाईंच्याच दवाखान्यात होती. आधी मी आत गेले, मग ती. पडद्यापलीकडून बाईंचा आवाज येत होता, "पाय सैल सोडा. अहो, सैल... श्वास सोडा बघू." ताई बाहेर आली ती पदर घट्ट धरूनच. स्टँडवर जाताना रिक्षात एकदम म्हणाली, "आईला हे सारखं सारखं करतात का गं?"

मी रिक्षावाल्याला जरा सावकाश घ्यायला सांगितलं.

रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आले. माझा चांगला होता. तिच्यावर लिहिलं होतं, नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करावी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशी पुरेशा आल्या नाहीत. होतं असं. दोन-तीन महिन्यांनी परत आणा त्यांना."

मी ताईला फोन केला.

"काय निघालं?"

"काही निघालं नाही. म्हणजे, कळलंच नाही. परत करावी लागेल."

"नाय ना निघालं? मग झालं तर!"

मी पुन्हा समजावायला लागले तेवढ्यात दाजींनी फोन घेतला. "कॅन्सर लिहिलाय का त्यात? नाय ना? मग कशाला घाबरवता तिला? आधीच आईपायी तिचं जेवण तुटलंय."

दाजी वाईट नाहीत. मावशीच्या दवाखान्याच्या फेऱ्या त्यांनीच केल्या होत्या. मी फोन ठेवला.

मावशी गेली. दहाव्याला गोदाकाठी ताईशेजारी बसले होते. हळूच म्हटलं, "आता तरी चल. ती महागातली तपासणी करू, पैशाचं मी बघते."

तिने माझा हात दाबला. "तुझा चांगला आला ना? बास."

त्यानंतर मी फोन करत राहिले. कधी कांदा काढायला आलेला असतो, कधी पोराची परीक्षा असते. "येते गं, एवढं होऊ दे," असं ती प्रत्येक वेळी म्हणते, आणि त्या वेळी तिला ते खरंच वाटत असतं. एकदा तर मी सरळ लासलगावला गेले. तिने मला जेवायला वाढलं, पिशवीभर कांदे दिले आणि एसटीत बसवून दिलं.

गेल्या आठवड्यात सहज बोलता बोलता म्हणाली, "कंबर लय दुखती बघ हल्ली. वाकून वाकून झालं असंल."

"मी उद्या येते तुला न्यायला," मी म्हटलं.

"उद्या नको," ती म्हणाली आणि पोराला हाक मारत फोन ठेवला.