स्वतःच्या घरची जमीन

गावभर त्यांना गुळगुळीतकाका म्हणत. टकलावरून नव्हे. तसं टक्कलही होतं म्हणा, पण नाव पडलं ते कामावरून. लोकांच्या घरातल्या झिजलेल्या लाकडी जमिनी घासून, वॉर्निश चढवून नव्यासारख्या करून देणं, हा त्यांचा जन्माचा धंदा. काम संपलं की काका जमिनीला गाल टेकवून उजेडाकडे बघायचे. एवढासा ओरखडा दिसला तरी ती फळी पुन्हा घासायला घ्यायचे. घरमालक म्हणे, "अहो राहू द्या, तिथे सोफाच येणार आहे." त्यावर काका म्हणत, "सोफा तुमचा येणार, ओरखडा माझाच राहणार ना?"

आणि स्वतःच्या घरी? दिव्याखाली अंधार. स्वयंपाकाच्या ओट्यासमोर काकू उभ्या राहून राहून फळ्यांना खळगा पडलेला. खिडकीजवळची एक फळी वर आलेली. बाथरूमच्या तोंडाशी पाय पडला की जमीन कुरकुरायची. "सवड मिळाली की करू," असं काका म्हणत राहिले, आणि सवड मिळायच्या आत काकूंचे डोळे गेले. हळूहळू गेले. आधी अक्षरं, मग चेहरे, मग खिडकीतला उजेडसुद्धा.

पण काकू खमक्या. काठी घेतली नाही की कुणाचा हात धरला नाही. अनवाणी पायांनी घरभर फिरायच्या, आपला चहा आपण करायच्या, आणि काका मध्ये आले तर "वाटेतून सरका" म्हणून दटावायच्या.

एक दिवस त्यांच्या टाचेत लाकडाचं कुसळ गेलं. काकांनी ते सुईने काढलं, रक्त पुसलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. साऱ्या गावाच्या जमिनी गुळगुळीत करणाऱ्याच्या बायकोच्या पायात कुसळ!

"आता करतोच बघ," ते म्हणाले.

"असू द्या हो. मला चालतंय."

काकांना वाटलं, ही माझ्या गुडघ्यांची काळजी करतेय. नवऱ्यांना असं सोयीचंच ऐकू येतं.

वॉर्निशचा वास सोसायचा नाही म्हणून काकूंना धाकट्या बहिणीकडे पोचवलं आणि काका कामाला भिडले. वर आलेली फळी खाली बसवली, खिळे ठोकून कुरकुर बंद केली, फटी लांबीच्या लगद्याने बुजवल्या. खळग्याच्या फळ्या तर उपटून नव्याच घातल्या. मग मशीन फिरवलं, आणि मशीन पोचेना तिथे पॉलिश पेपर घेऊन कोपरा न कोपरा हाताने घासला. गुडघे बोंबलत होते, पण असं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. शेवटी गाल टेकवून पाहिलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

काकू परतल्या. दारात चपला काढल्या, दोन पावलं टाकली आणि थबकल्या. पाय पुढे सरकवला, मागे घेतला.

"कुठे आणलंत मला?"

"अगं, घरीच! हात फिरवून तरी बघ."

काकूंनी हात फिरवला नाही. त्या ओट्याकडे निघाल्या आणि दाराच्या चौकटीवर आदळल्या. वळल्या तर भिंत आली. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. खळगा म्हणजे ओटा. वर आलेली फळी म्हणजे खिडकी. कुरकुर म्हणजे बाथरूम. तिच्या तळपायांना अख्खं घर पाठ होतं, आणि त्यांनी ते घासूनपुसून साफ केलं होतं.

"देवाने डोळे नेले, त्याच्याशी मी भांडले नाही," काकू शांतपणे म्हणाल्या. "पाय तुम्ही नेलेत."

त्यानंतर त्या खुर्चीत बसून राहू लागल्या. चहा काका करू लागले. बाथरूमला जायचं झालं की काकू "अहो" म्हणून हाक मारायच्या, आणि ती हाक काकांना ऐकवत नसे. धरून चालायला घरभर दोरी बांधायचं त्यांनी सुचवून पाहिलं. "बांधा की. एक माझ्या गळ्यातही घाला," काकू म्हणाल्या. उपटलेल्या फळ्या परत आणायला काका धावले, तर त्या कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेल्या होत्या.

एका सकाळी ते खुर्चीसमोर आले आणि त्यांनी काकूंचा हात धरला.

"ऊठ. ओट्यापाशी नेतो. पाऊल कुठे थांबायला हवं ते तू सांग."

काकूंनी हाताने ओटा चाचपला आणि जागा दाखवली. काका तिथे गुडघ्यांवर बसले. त्यांनी पटाशी टेकवली, हातोडी उचलली. उभ्या जन्मात या माणसाने मागे ओरखडा ठेवला नव्हता. मग त्यांनी घाव घातला. नव्याकोऱ्या वॉर्निशखालचं पांढरं लाकूड उघडं पडलं. आडवी खाच पाडून काकांनी भुसा फुंकला, आणि काकूंचं पाऊल धरून त्या खाचेवर ठेवलं.

काकूंनी अंगठा खाचेतून फिरवला. बराच वेळ फिरवला.

"उथळ आहे," त्या म्हणाल्या. "अजून खोल घाला."

काकांनी डोळे पुसले आणि पुन्हा पटाशी लावली.