इंजिन ऐकणारे मिस्त्री

मोसंबीवर फवारायचा ब्लोअर घ्यायचा, तर भोकरदनच्या फवारणी यंत्रांच्या दुकानात आधी तिथल्या जुन्या मिस्त्रींना विचारायचं. पेचकसाचं टोक चालू इंजिनाला, मूठ कानाला लावून ते म्हणत, "रंग नका पाहू भाऊ, इंजिन काय बोलून राह्यलं ते ऐका."

यंदा मूठ त्यांनी दातांत धरली.

"मामा, इंजिन खाता का?" मी हसलो.

ते हसले नाहीत. "कानानं येत न्हाई आता. दातानं थोडं कळतं. मालकाला बोलू नका."

आयुष्यभर मालकानं या कल्ल्यात बसवलं आणि कानाला झाकायला काही दिलं नाही! मी संतापून म्हणालो, "यावर आमच्या शेतकरी संघटनेचं पत्रकच काढतो."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, मान डोलावली. "घ्या, बिलकुल घ्या. आवाज साफ हाय."

इंजिन केव्हाच बंद पडलं होतं.