दिन्याचा तळवा

भूत दाखवा, मिसळ माझ्याकडून – अशी माझी अख्ख्या रहिमतपुरात जाहीर ऑफर होती. इतक्या वर्षांत एकानंही ती मिसळ खाल्ली नाही. आता मलाच खावी लागणार बहुतेक... असो. ऐका.

फुप्फुसाच्या कॅन्सरचं माझं ऑपरेशन झालंय. डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढलाय. तेव्हापासून ठरल्या वेळी सांगलीला सीटी स्कॅन – आमचं तीर्थक्षेत्रच म्हणा! पण गेल्या खेपेला ऐन वेळी खोकला आला, चित्र हललं आणि त्यात एक पुसट ठिपका दिसला. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा काढू. श्वास मात्र नीट रोखा. ठिपका खरा निघाला तर परत उपचार सुरू करावे लागतील."

माझी बायको सुमन त्या दिवसापासून गप्प. आणि सुमन गप्प, ही गोष्ट मला कॅन्सरपेक्षा भयंकर वाटत होती.

ऑपरेशननंतर मला श्वास रोखताच येत नाही. एके काळी मात्र मी कृष्णेच्या डोहात दम धरणारा बहाद्दर! माझा दोस्त दिनकर – आमचा दिन्या – वरून माझ्या डोक्यावर तळवा दाबायचा. नियम एकच : तळवा उचलल्याशिवाय वर यायचं नाही. हा दिन्या पुढं फौजेत गेला, परत येऊन त्यानं ऊस लावला आणि गेल्या हंगामात ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या गेला.

तर, मशीनवर आडवा झालो. टेक्निशियन मुलगी काचेपलीकडच्या खोलीत. स्पीकरवर तिचा आवाज, "काका, श्वास घ्या... रोखा."

घशात खवखवलं. संपलं, म्हटलं.

आणि डोक्यावर तळवा पडला. गार. ओला. ओळखीचा.

खोकला जागच्या जागी विरला.

"सोडा आता."

तळवा उचलेना! मग मी कसा सोडणार?

"काका? आवं काका, सोडा की श्वास!" पोरगी धावत आत आली, तेव्हा कुठं मी भसकन श्वास सोडला. "घाबरवलंत की!" ती म्हणाली. "पण फोटो लय भारी आलाय."

बाहेर सुमन माझ्याकडं बघतच राहिली. "डोकं कशानं भिजलं?"

"घाम गं."

"एसीत? आन् घामाला शेवाळाचा वास येतोय व्हय?"

संध्याकाळी रिपोर्ट आला. ठिपका नव्हताच! सुमन जी बोलायला लागली ती घर येईपर्यंत थांबली नाही.

आत दुसरं कोणी नव्हतं, असं ती मुलगी शपथेवर सांगते. माझ्याकडून मिसळ खाऊन कुणी हे समजावून सांगणार असेल, तर या.

फक्त एक राहिलं. त्या दिवशी दम संपला म्हणून मी श्वास सोडला. दिन्यानं तळवा उचलला नव्हता.

रोज सकाळी सुमन माझी टोपी नीट खाली दाबते. ती बसत नाही. जराशी वरच राहते.