घोडीला खरारा

देवासच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून मी रिटायर झाले आणि महिन्याभरातच यांच्या प्रत्येक कामात चुका काढू लागले. "बाहेर जाऊन कुणाला तरी शिकव गं," हे हात जोडून म्हणाले. झालं उलटंच.

कॉलनीमागे माझा एक जुना विद्यार्थी राहतो. आता चाळिशी उलटलेला. वरातींसाठी त्यानं एक पांढरी घोडी पाळली आहे. एका सकाळी तो तिला खरारा करत होता, ब्रशानं अंगावरची धूळ काढत होता. मी म्हटलं, "मलाही शिकव."

तो दचकला. "मैडमजी, आप?"

"का? नापास होईन?"

त्यानं ब्रश दिला. मी पदर खोचून घासायला लागले. घोडीनं कान मागे पाडले आणि दोन पावलं सरकली. मी मागोमाग सरकले. ती आणखी सरकली. अशा आम्ही दोघी थेट भिंतीपाशी पोचलो.

"मैडमजी, घोड़ी है, ब्लैकबोर्ड नी है!" असं म्हणत त्यानं तोच ब्रश माझ्या दंडावरून माझ्याच जोरानं फिरवला.

"आई गं!"

"बस, उसको भी ऐसाच लगता है."

मग त्यानं पहिल्यापासून शिकवलं. आधी तिच्याशी बोलायचं, मग मानेवर हात ठेवायचा. केस वळतात त्याच दिशेनं ब्रश न्यायचा. पायांवर, जिथं हाडं वर असतात, तिथं अगदी हलका. मागे जायचं तर एक हात तिच्या अंगावर ठेवूनच.

पण घोडीशी बोलायचं काय? काही सुचेना, म्हणून मी पाढे म्हणू लागले. आठवड्याभरानं ती सरकेनाशी झाली. एक दिवस एकोणतिसाच्या पाढ्याला तिचा खालचा ओठ लोंबला, डोळे मिटत आले.

"सो री है," तो कुजबुजला. "हम भी ऐसेच सोते थे आपके पीरियड में." आणि त्यानं जीभ चावली. मी इतकी हसले, की घोडी जागी झाली.

आता वरातीच्या दिवशी तिच्या डाव्या बाजूचा खरारा माझ्याकडे असतो. परवा बागली गावच्या एका लग्नाला निघताना, गाडीत चढण्याआधी तिनं माझ्या खांद्यावर नाक घासलं. साडीवर चाऱ्याचा हिरवा डाग पडला. तो अजून धुतलेला नाही.