बीडमार्गे बुऱ्हाणपूर

पुण्याहून बुऱ्हाणपूरला जाताना बीड लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र आधी बीडलाच उतरलो. चूक आत्याची. फोनवर म्हणाली, "बीडवर पुस्तक लिहितेय. हात फार थरथरतो, शेवटचं पान तू उतरवून घे." आता बीडवर लिहायचं तर कुणीतरी बीड बघायला नको? मी बघितलं. माहिती गोळा केली, टोपलीभर सीताफळं घेतली आणि बस, रेल्वे बदलत निघालो. भुसावळपर्यंत ती एवढी पिकली, की डब्यातल्या माश्यांनी मला खिडकीची जागा दिली.

पुढे तापीकाठच्या केळीच्या बागा सुरू झाल्या. एकेक पान असं, की त्याच्या सावलीत अख्खं वऱ्हाड जेवून उठेल.

"सिलमपुऱ्यात, इतिहासाच्या बाईंकडे," मी बुऱ्हाणपूर स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला आत्याचा पत्ता सांगितला.

"आपल्या मॅडम? मले बी त्यांनीच शिकवलं." त्यानं रिक्षा हळू केली. "भाऊ, त्यांना इंदूरला न्या. दिलचं ऑपरेशन टाळून राहिल्या. काल मले मिऱ्याची पुडी दिली. म्हणे, ठेव आठवण."

मी त्याला रिक्षा जोरात घ्यायला सांगितलं.

आत्यानं मावा जिलेबी (खव्याची, जाड, काळपट) पुढे केली. मी टोपली. "बीडची सीताफळं!"

ती दाराला धरून हसली. "अरे गधड्या, बीड गाव नाही, माणूस आहे! इंग्लंडचा ख्रिस्ती संत, तेराशे वर्षांपूर्वीचा."

मग जिलेबी खाता खाता मला बीड भेटला. सातव्या वर्षी मठात आलेला. चंद्र आणि समुद्राची भरती यांचं गणित मांडणारा. फारसा कुठं न जाता, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून आपल्या लोकांचा इतिहास लिहिणारा.

"मी तरी तापी सोडून कुठं गेले?" आत्या म्हणाली. "म्हणून आवडला."

शेवटच्या आजारात बीडनं आपली पेटी उघडली आणि मिरे, रुमाल, ऊद सोबत्यांना वाटून टाकले.

"ते मिरे तापीवरून होडीनंच गेले असणार," मी ठोकून दिलं.

"मलबारचे रे. आणि तुझी पुडी ही घे."

मी हात पुढे केला नाही. "आधी लिहू."

ती सांगत गेली, मी उतरवत गेलो. बीड अंथरुणावरून बायबलचं भाषांतर सांगतोय, लिहिणारा म्हणतो एक वाक्य राहिलं, तो तेही सांगतो आणि थोड्या वेळानं शांतपणे जातो. इथं आत्या थांबली. डोळे मिटले.

"एकच वाक्य राहिलं. ते झालं की मी मोकळी. इंदूरबिंदूर आता नको."

बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी देत होता. मी पेनाचं टोपण लावलं.

"आत्या, हे पुस्तक असं छापलंस तर अनर्थ होईल. अख्खा महाराष्ट्र ते बीड जिल्ह्याचं समजून घेईल. शिक्षक सहली काढतील. तिथली सीताफळं संपतील. संताला शोधत लोक बसस्टँडवर झोपतील."

"तुझ्यासारखे सगळे नसतात."

"मी तुझ्याकडेच इतिहास शिकलो, आणि तरी बीडला उतरलो. प्रस्तावना हवी. ती माझ्यानं होणार नाही, तूच सांगायची. आणि छातीत कळ येत असताना प्रस्तावना सांगवत नाही."

तिनं टोपलीतलं एक सीताफळ उचललं. मग ओठ हलले. "बीड हे गाव नव्हे..." आणि पुन्हा तेच हसू, दम लागेपर्यंत.

"लबाडा," ती डोळे पुसत म्हणाली. "इंदूरहून आल्यावर सांगते. ते शेवटचं वाक्यही तेव्हाच." तिनं माझी पुडी परत डब्यात टाकली आणि झाकण घट्ट लावलं.

परतताना रिक्षात तोच गडी होता. मॅडम इंदूरला जायला तयार झाल्या हे मी सांगितल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत, उलट दराबा (रवा, साखर, तुपाची मिठाई) खाऊ घातला.

प्रवासातून मी नेहमी पोतंभर वस्तू आणतो आणि गाडीभर थापा. या खेपेला घरी आलो तो रिकाम्या हातानं. बायकोनं विचारलं, "बुऱ्हाणपूरहून काय आणलंस?"

मी म्हटलं, "मिरे. आणले नाहीत."