झुलालभाऊंचं फाटक

बोदवडजवळच्या रेल्वे फाटकावर झुलालभाऊंनी सत्तावीस वर्षं शिव्या खाल्ल्या. फुकटच्या, ताज्या आणि तऱ्हेतऱ्हेच्या. फाटक पडलं की केळीचे ट्रकवाले, लग्नाची वऱ्हाडं, एस.टी.चे ड्रायव्हर, सगळ्यांना गाडी झुलालभाऊंमुळेच उशिरा येते असं वाटायचं. जणू इंजिन ते खाटेखाली लपवून ठेवत. भाऊही काही गरीब गाय नव्हते. एकाला दोन परत करायचे. पण घरी गेल्यावर घास उतरायचा नाही, कोणी आईवरून बोललेलं डोक्यात घोळत राहायचं.

त्यांना यातून सोडवलं रुपचंद सरांनी. सर तालुक्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. रोज लुनावरून येत, रोज फाटकात अडकत, आणि कधी चिडत नसत. १९८६ च्या उन्हाळ्यात एकदा भाऊंनी न राहवून विचारलं, "सर, तुमाले राग कसा येत नई?"

सरांनी लुना स्टँडवर लावली आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्टोइक नावाच्या पंथाची गोष्ट सांगितली. त्या ग्रीक-रोमन मंडळींत एक गुलाम होता, पायानं लंगडा. त्याचं म्हणणं साधं होतं. आपला विचार आणि आपलं वागणं आपल्या हातात असतं. लोकांची तोंडं, हवापाणी, दुखणंखुपणं हातात नसतं. हातातलं चोख करावं, बाकीच्यापायी जीव जाळू नये. आणि आज काय काय बिघडू शकतं, याची सकाळीच मनाशी उजळणी करून ठेवावी.

"म्हंजे तो गुलामबी गेटमनच होता," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून चहा पिता पिता भाऊंची उजळणी सुरू झाली. आज ट्रकवाला आई काढणार, वऱ्हाडातला नवरदेवाचा काका कॉलर धरणार. मग खरंच कोणी तणतणत आला की भाऊ म्हणायचे, "या, तुमचीच वाट पाहत होतो." शिव्या देणाऱ्याची पंचाईत व्हायची. भाऊंना जेवण जाऊ लागलं.

पण नवशिक्या माणसाचा उत्साह वाईट. भाऊंनी डोळ्यांतून पाणी काढायचंच बंद केलं. मेहुणा गेला तरी ते कोरडेच. बायको कुंदाबाई म्हणाली, "तुमाले मानूस म्हनू का खांब?" सरांनीही समजावलं, की दुःख होऊ नये असं ते लोक म्हणत नव्हते, दुःखानं वागणं बिघडू नये एवढंच म्हणत होते. भाऊंनी मान डोलावली आणि ऐकलं नाही.

त्यांची मुलगी सुनंदा पलीकडच्या गावात दिली होती. तिचं दुसरं बाळंतपण, म्हणून सासरीच. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मालगाडीसाठी फाटक पडलेलं असताना पलीकडे एक जीप येऊन थांबली, आणि जावई पंडित रूळ ओलांडून पळत आला.

"मामा, उघडा. सुनंदाचं रक्त थांबत नई. दवाखान्यात न्याची हाये."

भाऊंनी फोन उचलला. स्टेशनातून उत्तर आलं: मालगाडी सुटली आहे, उघडू नका. गाडी अजून दिसतही नव्हती. जीप पार व्हायला मिनिटही लागलं नसतं. पण ती जीप धक्का मारून चालू व्हायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रुळावर बंद पडली तर? चावी भाऊंच्या कमरेला होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सगळं त्यांच्या हातात होतं.

"नई, पाहुने."

पंडितनं त्यांची गचांडी धरली. "पोटची पोर हाये ना तुमची?"

भाऊंनी ती सोडवली नाही. "जीपचं इंजिन बंद करू नका," एवढंच म्हणाले, आणि डबा घेऊन आलेल्या कुंदाबाईला लेकीपाशी पाठवलं. ती अकरा मिनिटं त्यांना जन्मभर पुरली. गाडी आली तेव्हा हिरवी झेंडी धरलेला त्यांचा हात ताठ होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी थांबवायला पाहिलं, ते थांबेना.

संध्याकाळी ड्यूटी संपवून ते दवाखान्यात गेले. मुलगी झाली होती. सुनंदा पांढरीफटक पडली होती, पण शुद्धीवर होती. त्यांना पाहताच पंडित उठून बाहेर गेला.

"माय, मी उघडलं नई," भाऊ लेकीला म्हणाले. "अन वरून रडलो. दोनी बाजूनं कच्चा निंघालो."

"यायले मी सांगत होते, जाऊ नका, आबा उघडनार नई," पंडित गेला त्या दाराकडे पाहत सुनंदा हळू आवाजात म्हणाली. "मी जीपमधून तुमच्याकडेच पाहू राह्यले होते. तुमी चावीले हात लावला असता, तं मले वाटलं असतं, आता आपलं काई खरं नई."

भाऊंनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मंग तुमी रडतांना दिसले," ती म्हणाली. "खांब नई, आबाच उभे होते. तवा मले धीर आला."